अख्ख्या मसुराचा शाकाहारी शेफर्ड्स पाय

ब्रिटनमध्ये थंडीच्या दिवसांत घरोघरी ओव्हनमध्ये जे पदार्थ होतात, त्यांत शेफर्ड्स पायचे स्थान बरेच वरचे आहे. इतर पायना असते तसे मैद्याच्या पारीचे आवरण याला नसते. खोलगट भांड्यात तळाशी मटणाच्या खिम्याचा दाट, रसदार थर असतो, त्यावर लोणी-दुधात घोटलेला बटाटा पसरलेला असतो आणि वरचा भाग सोनेरी-तपकिरी होईपर्यंत ते भांडे ओव्हनमध्ये भाजले जाते. मटणाऐवजी गोमांस वापरले तर त्यालाच कॉटेज पाय म्हणतात. हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरात आले आणि शेफर्ड्स पाय हे नाव त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. रविवारी भाजलेल्या मांसाचे उरलेले तुकडे सोमवारी बारीक करून संपवण्याची ही मूळची सोय होती. हाताने फिरवण्याची खिमायंत्रे एकोणिसाव्या शतकात घरोघरी आली, तेव्हा ती आणखी सोपी झाली.

या पदार्थाचा शाकाहारी अवतार करताना नेहमी एकच वाट धरली जाते: खिमा वगळायचा आणि त्या जागी गाजर, मटार, फरसबी यांची मिसळ घालायची. परिणामी वर उत्तम बटाटा आणि खाली उकडलेल्या भाज्या असा गोडसर, पाणचट पदार्थ तयार होतो. हा प्रयोग ब्रिटिशांनी स्वतःच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४० मध्ये मांसावर रेशनिंग आले आणि पुढे अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाने ‘वुल्टन पाय’ लोकांपुढे ठेवण्यात आला. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य शेफ फ्रान्सिस लात्री यांची ही रचना होती. तिच्यात बटाटा, गाजर, फ्लॉवर आणि स्वीड हा सलगमाच्या जातीचा कंद समप्रमाणात घेऊन, कांद्याची पात, थोडे ओट्स आणि चमचाभर भाज्यांचा अर्क घालून शिजवायचे आणि वर बटाट्याचा किंवा कणकेचा थर द्यायचा, अशी पद्धत होती. पौष्टिकतेच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते, पण लोकांना तो फारसा आवडला नाही आणि त्याची कृती वाचली की कारणही कळते: त्यात काहीच परतलेले, भाजलेले, खमंग केलेले नाही.

म्हणून खिम्याच्या जागी काय घालायचे, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून खिमा या पदार्थात काय करतो ते आधी पाहिले पाहिजे. तव्याला लागून तपकिरी झालेल्या मांसाचा खमंगपणा, जिभेवर रेंगाळणारी उमामी, म्हणजे मांसल-रसदार, चव, दाताखाली येणारा रवाळ दाणा, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा स्निग्ध, दाट रस, अशी चार कामे तो एकटा करत असतो. कोणतीही एक भाजी किंवा डाळ ही चारही कामे करू शकत नाही, त्यामुळे ती वेगवेगळ्या जिन्नसांना वाटून द्यावी लागतात. पुढील कृतीत दाणा अख्ख्या मसुराचा आहे, खमंगपणा परतलेल्या मशरूमचा, उमामी टोमॅटो पेस्ट, सोया सॉस आणि यीस्टच्या अर्काची, आणि रस मसूर शिजवलेल्या पाण्याचा.

मराठी स्वयंपाकघरात ही कृती करताना हात आपसूक हळदीकडे, हिंगाकडे आणि गोड्या मसाल्याकडे जातो. तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मसाला घातला की अख्ख्या मसुराची झणझणीत उसळ तयार होते, जी भाकरीबरोबर फार चांगली लागते, पण लोणी घातलेल्या मऊ बटाट्याखाली ती शोभत नाही आणि बटाटाही तिच्यापुढे टिकत नाही.

साहित्य

सहा जणांना पुरेल असा पदार्थ करण्यासाठी साधारण ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि किमान ५ सेंटिमीटर खोल असे काचेचे किंवा चिनी मातीचे ओव्हनमध्ये चालणारे भांडे लागते. खालच्या थरासाठी २०० ग्रॅम अख्खा मसूर, ४०० ग्रॅम बटण मशरूम, दोन मोठे कांदे, दोन मध्यम गाजरे, सेलरीचे दोन दांडे, लसणाच्या चार पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, एक मोठा चमचा मैदा, एक मोठा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा मार्माइट, थोडे थाइम, थोडी रोझमेरी (दोन्ही सुगंधी पाने), मिरपूड आणि चार मोठे चमचे तेल घ्यावे. वरच्या थरासाठी एक किलो बटाटे, ७५ ग्रॅम लोणी, १०० ते १२५ मिलिलिटर दूध, एक छोटा चमचा तयार मोहरीची पेस्ट, चिमूटभर जायफळ आणि ७५ ग्रॅम किसलेले चेडर चीज लागते. मीठ दोन्ही थरांत वेगवेगळे घालायचे आहे.

यांतील काही जिन्नसांबद्दल अधिक सांगणे आवश्यक आहे. ब्रिटिश दुकानांत ‘ब्राउन लेंटिल्स’ म्हणून जे मिळते, ते बहुधा आपल्या अख्ख्या मसुरासारखेच सालासकटचे तपकिरी दाणे असतात, त्यामुळे लंडन किंवा लेस्टरमधल्या मराठी घरात डब्यात असलेला मसूर निःशंकपणे वापरता येतो. मात्र सोललेली लाल मसूरडाळ येथे उपयोगाची नाही, कारण ती शिजून पिठूळ होते आणि दाणा उरत नाही. टोमॅटो पेस्ट म्हणजे छोट्या डब्यात किंवा ट्यूबमध्ये मिळणारा घट्ट, गडद गर. खोक्यात मिळणारी पातळ प्युरी वापरली तर आंबटपणा येतो, पण खोली येत नाही. मार्माइट हे बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेले काळे, खारट चाटण असून इंग्लंडमधील बर्टन अपॉन ट्रेंट या गावी १९०२ पासून त्याचे उत्पादन होत आहे. ते न मिळाल्यास सोया सॉस दीडपट करावा. तमालपत्राबाबत सावध राहावे. इंग्रजी कृतींमध्ये सांगितलेले ‘बे लीफ’ भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेल या झाडाचे असते, तर आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असते आणि त्याला दालचिनीचाच वास येतो, त्यामुळे ते घालण्यापेक्षा न घातलेले बरे.

शाकाहाराच्या दृष्टीने दोन ठिकाणी फसगत होऊ शकते. पहिले ठिकाण वूस्टर सॉस. मूळच्या शेफर्ड्स पायमध्ये तो जवळजवळ नेहमी असतो, आणि १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या ली अँड पेरिन्सच्या सॉसमध्ये अँचोव्ही हे छोटे मासे असतात. परंतु त्याच सॉसच्या घटकांत व्हिनेगर, काकवीसारखी मोलॅसिस आणि चक्क चिंचही असते, त्यामुळे त्याचा पर्याय आपल्या मांडणीवरच सापडतो: अर्धा छोटा चमचा चिंचेचा घट्ट कोळ, अर्धा छोटा चमचा काकवी आणि अर्धा छोटा चमचा व्हिनेगर एकत्र केले की सोया सॉसच्या जोडीने ते काम उत्तम भागते. दुसरे ठिकाण चीज. पारंपरिक पद्धतीच्या अनेक चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. भारतात चीजच्या वेष्टनावर हिरव्या ठिपक्याची खूण पाहून निर्धास्त होता येते, पण ब्रिटनमध्ये अशी सक्तीची खूण नाही, म्हणून वेष्टनावर ‘शाकाहारींसाठी योग्य’ असे लिहिलेले आहे का, ते वाचूनच चेडर घ्यावे. पार्मेजानो रेज्जानो हे इटालियन चीज नियमानुसार वासराच्या रेनेटनेच बनते, त्यामुळे ते टाळावे.

मसूर

मसूर निवडून, धुऊन, एक लिटर पाण्यात उघड्या पातेल्यात शिजायला ठेवावा. भिजवण्याची गरज नाही. पाणी उकळल्यावर आच कमी करावी आणि वीस ते पंचवीस मिनिटे, दाणा दाबल्यावर चेपेल पण साल फुटणार नाही, इतपत शिजवावा. कुकर वापरण्याचा मोह टाळावा, कारण एका शिट्टीचा फरकही दाणा अख्खा राहणे आणि त्याचे वरण होणे यांत निर्णायक ठरतो. मीठ शिजवतानाच अर्धा चमचा घातले तरी चालते. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर असे आंबट पदार्थ मात्र मसूर पूर्ण शिजल्यावरच त्याच्याशी मिसळावेत, कारण आम्लामुळे दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि दाणा कितीही वेळ शिजवला तरी कडक राहतो. शिजलेला मसूर निथळून पाणी जपून ठेवावे. त्याचा रंग मातकट दिसतो, पण रसाचा पाया तोच आहे.

मशरूम आणि खालचा थर

या कृतीत सर्वांत अधिक लक्ष मशरूमकडे द्यावे लागते. मशरूममध्ये वजनाच्या नऊ दशांशांहून अधिक पाणी असते आणि जोपर्यंत ते भांड्यात आहे, तोपर्यंत तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे १०० अंशांच्या, वर जात नाही. खमंग तपकिरी रंग आणि वास निर्माण करणारी मेलार्ड अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते, म्हणून आधी पाणी घालवणे आणि मग भाजणे, असे दोन टप्पे ओलांडावेच लागतात. मशरूम ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठे राहतील असे बारीक चिरावेत. त्यासाठी फूड प्रोसेसर झटके देत वापरला तरी हरकत नाही, मात्र लगदा होऊ देऊ नये. मग पसरट, जाड बुडाचे भांडे चांगले तापवून त्यात दीड चमचा तेल घालावे आणि निम्मेच मशरूम घालून मोठ्या आचेवर ठेवावेत. सगळे एकदम घातले तर गर्दी होऊन ते स्वतःच्याच पाण्यात उकडत बसतात. प्रथम पाणी सुटेल, मग आटेल, मग चुरचुर असा आवाज येऊ लागेल, आणि खरे काम तेथून सुरू होते. त्यानंतर आणखी चार-पाच मिनिटे, कडा गडद तपकिरी होऊन भांड्याच्या तळाला थोडी खरपूड धरेपर्यंत, ते अधूनमधूनच हलवावेत. ही खरपूड धुऊन टाकायची नाही. दुसरा भागही असाच परतून दोन्ही बाजूला काढून ठेवावेत.

मशरूम आकसून मूठभर उरतात. ते पाहून दचकू नये.

त्याच भांड्यात उरलेले तेल घालून बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी मध्यम-मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परतावी. कांद्याला सुटलेल्या पाण्याने तळाची खरपूड आपोआप मोकळी होऊ लागते, ती उलथन्याने खरवडून मिसळत राहावी. सेलरी पुण्या-मुंबईच्या मंडईत आता सहज मिळते, पण न मिळाल्यास सोडून द्यावी. लसूण घालून अर्धे मिनिट परतल्यावर टोमॅटो पेस्ट घालावी आणि तिचा लाल रंग विटकरी होईपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटे, ती तेलात परतावी. कच्च्या पेस्टचा धातूसारखा उग्रपणा या टप्प्यातच जातो. मग मैदा भुरभुरवून एक मिनिट परतावा आणि मसुराचे राखून ठेवलेले ४०० मिलिलिटर पाणी थोडे थोडे करून घालावे. पाणी कमी पडल्यास साधे गरम पाणी घ्यावे.

आता मसूर, मशरूम, सोया सॉस, मार्माइट, चिंच-काकवी-व्हिनेगरचे मिश्रण, थाइम आणि अगदी बारीक चिरलेली रोझमेरी घालावी. रोझमेरीचा वास आडदांड असतो, अर्ध्या चमच्याच्या वर गेल्यास बाकी काही जाणवत नाही. मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळू द्यावे आणि मसुराची साधारण पाव वाटी चमच्याने भांड्याच्या कडेला चेचून रसात मिसळावी, म्हणजे दाटपणा येतो. तळावरून चमचा ओढला असता त्याची वाट क्षणभर दिसून मग हळूहळू भरून यावी, इतका रस राहिला पाहिजे. त्याहून कोरडे केल्यास ओव्हनमधून निघाल्यावर ते भगरीसारखे मोकळे होईल आणि त्याहून पातळ ठेवल्यास बटाटा आत बुडेल. मीठ या टप्प्यावर चाखूनच घालावे, कारण सोया सॉस आणि मार्माइट दोन्ही खारट आहेत. मिरपूड मात्र हात सैल सोडून घालावी. मटार याच मिश्रणात घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मला तो आत रुचत नाही, दुसऱ्यांदा शिजून त्याचा रंग उडतो, म्हणून तो वेगळा वाफवून बाजूला वाढलेला बरा. भांड्यात पसरून हे मिश्रण किमान वीस मिनिटे निवू द्यावे.

बटाटा

ब्रिटनमध्ये या कामासाठी मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड या पिठूळ जाती वापरतात. आपल्याकडे जातीचे नाव सांगून बटाटा क्वचितच विकला जातो, त्यामुळे नवा, पातळ सालीचा, चिकट बटाटा टाळून जुना, जाड सालीचा बटाटा निवडणे एवढेच आपल्या हाती असते. बटाटे सोलून चार-पाच सेंटिमीटरचे सारख्या आकाराचे तुकडे करावेत आणि थंड, खारट पाण्यात घालून मग आच लावावी. उकळत्या पाण्यात टाकल्यास बाहेरचा भाग विरघळू लागतो आणि मधला कच्चा राहतो. सुरी विनासायास आरपार जाऊ लागली की पाणी पूर्ण निथळून, बटाटे त्याच रिकाम्या गरम पातेल्यात परत घालून मंद आचेवर एक-दोन मिनिटे हलवत राहावेत, म्हणजे उरलेली वाफ निघून जाते. ओला बटाटा लोणी शोषत नाही.

घोटण्यासाठी मिक्सर वा ब्लेंडर कदापि वापरू नये. वेगाने फिरणाऱ्या पात्याने बटाट्याच्या पेशी फुटून त्यांतील स्टार्च बाहेर पडतो आणि काही सेकंदांत खळ तयार होते, जी नंतर कशानेही सुधारत नाही. त्याऐवजी पुरणयंत्र काढावे. बटाट्यासाठी युरोपात वापरतात ती चाळणीची यंत्रे याच तत्त्वावर चालतात आणि गरम बटाटा पुरणयंत्रातून काढला असता एकही गाठ न राहता हलका पडतो. पुरणयंत्र नसल्यास हाताचा मॅशर पुरेसा आहे. बटाटा गरम असतानाच आधी लोणी मिसळावे, म्हणजे स्टार्चच्या कणांवर स्निग्धांशाचा लेप बसतो आणि नंतर दूध घातल्यावर चिकटपणा कमी येतो. दूध गरम करून थोडे थोडे घालावे आणि बटाटा जेवणात वाढण्याच्या मॅशपेक्षा किंचित घट्ट असतानाच थांबावे. मग मोहरीची पेस्ट, जायफळ, मीठ आणि निम्मे चीज मिसळावे.

रचना आणि भाजणे

ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापवावा. आत पंखा असलेला ओव्हन असल्यास १८० अंश पुरतात. बटाट्याचे गोळे प्रथम भांड्याच्या कडेने ठेवून ती पूर्ण बंद करावी आणि नंतर मध्यभाग भरत यावे. मधून सुरुवात केल्यास दाबाने रस कडेला सरकतो आणि वर येऊन बटाट्यावर पसरतो. पृष्ठभाग गुळगुळीत करू नये. काट्याने त्यावर खोल रेघा ओढाव्यात, कारण या रेघांचे उंचवटेच सर्वांत आधी भाजले जातात आणि कुरकुरीत भागाचे प्रमाण त्यांच्यामुळे वाढते. उरलेले चीज भुरभुरवून भांडे एका ट्रेवर ठेवावे, म्हणजे उतू गेलेला रस ओव्हनच्या तळाशी जळत नाही. पंचवीस ते तीस मिनिटांत कडेने बुडबुडे येऊ लागतात आणि वरचा भाग सोनेरी होतो. रंग कमी वाटल्यास शेवटची तीन-चार मिनिटे वरचे ग्रिल लावावे, पण तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलू नये.

लहान ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) वरचा रॉड बटाट्याच्या फार जवळ येतो, म्हणून भांडे खालच्या खाचेत ठेवावे आणि शेवटी वर घ्यावे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १८० अंशांवर खालच्या स्टँडवर साधारण पस्तीस मिनिटे लागतात. ज्यांच्याकडे फक्त ग्रिल असलेला मायक्रोवेव्ह आहे, त्यांनी दोन्ही थर गरम असतानाच रचून केवळ वरचा भाग ग्रिलखाली धरावा. सगळे आधीच शिजलेले असल्याने चालते, फक्त रस आणि बटाटा यांची तितकी मिळणी होत नाही.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात लावू नये. लगेच चमचा घातला तर थर कोसळून ताटात रस पसरतो. सोबत वाफवलेला मटार, लोण्यात परतलेला कोबी किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेले बीट चांगले लागते. पोळी किंवा भात याच्या जोडीला लागत नाही.

काही बदल

अनेक मराठी घरांत मशरूम खाल्ले जात नाहीत. अशा वेळी ६० ग्रॅम सोया ग्रॅन्युल्स गरम पाण्यात भिजवून, दोन पाण्यांतून घट्ट पिळून, तेलात तपकिरी होईपर्यंत परतावेत आणि त्यात मंद भाजून भरड कुटलेले ७५ ग्रॅम अक्रोड मिसळावेत. पिळण्यात कुचराई केल्यास सोयाचा विशिष्ट वास पदार्थभर राहतो. ब्रिटनमध्ये क्वॉर्न या नावाने मिळणारा बुरशीजन्य प्रथिनांचा खिमा अनेकजण वापरतात, परंतु त्याच्या बहुतेक प्रकारांत अंड्याचा पांढरा भाग असतो, तेव्हा अंडे न खाणाऱ्यांनी वेष्टन वाचावे. दूधही नको असेल तर लोण्याऐवजी ६० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि दुधाऐवजी बिनसाखरेचे ओटचे दूध घेता येते. चीज वगळून त्या जागी पावाचा चुरा तेलात घोळवून पेरावा. रसात रेड वाइन घालणाऱ्या कृती पुष्कळ आहेत, पण सोया सॉस आणि चिंच असताना तिची उणीव भासत नाही.

हा पदार्थ आदल्या दिवशी रचून ठेवण्यास उत्तम आहे. भाजण्यापूर्वी पूर्ण निववून, झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यास दोन दिवस टिकतो. मात्र थेट फ्रीजमधून ओव्हनमध्ये जाणार असेल तर वेळ पंधरा मिनिटांनी वाढवावा, आणि भांडे काचेचे असेल तर ते आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावे, नाहीतर तडकण्याची भीती असते. फ्रीझरमध्ये तो तीन महिने राहतो, परंतु तेव्हा वरचे चीज आधी घालू नये. वितळताना बटाट्याला किंचित पाणी सुटते, ते कागदी रुमालाने टिपून, मग ताजे चीज पेरून, १८० अंशांवर प्रथम फॉइलखाली अर्धा तास आणि नंतर उघडे पंधरा ते वीस मिनिटे भाजावे.